वरच्या खोलीतली अस्मिता

अस्मिताला एका जागी बसवत नाही, ही तिच्या आईची जुनी तक्रार. शाळेत ती उभ्यानं पाठांतर करायची. आता तिशीला टेकली, पीएच.डी.चा प्रबंध संपत आला, तरी वाचताना खोलीभर फिरते. रामदासपेठेत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत ती राहते. खाली घरमालकीण अरुंधतीकाकू. त्यांना नुसत्या छतावरच्या पावलांवरून कळतं, की पोरीचा अभ्यास चाललाय की चिंता. अभ्यासाच्या फेऱ्या संथ असतात. चिंता असली की ती कोपऱ्यात गर्रकन वळते. मग काकू जिन्यातून ओरडतात, "अस्मिता, खाली ये गं, सांबारवडी केलीय!" पुण्याकडचा कुणी तिला कोथिंबीरवडी म्हणाला, तर त्याला वडी मिळत नाही.

या आठवड्यात काकूंनी हाका मारमारून घसा कोरडा केला, आणि वरून प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: "भूक नाही, काकू."

काकूंचं आडनाव इथं सांगायचं नाही, असं ठरवलंय. या गोष्टीत आडनावांनी आधीच पुरेसा धिंगाणा घातला आहे. घराणं भोसल्यांच्या काळात कारकुनीला नागपुरात आलं आणि तेव्हापासून त्यांच्यातल्या कुणी लेखणी खाली ठेवली नाही, एवढं पुरे. काकूंचे यजमान सरकारी हिशेबाच्या कार्यालयातून निवृत्त झाले आणि पेन्शनचं सुख फारसं न घेता गेले. मुलगा अनिश बंगळुरात. तो रोज व्हिडिओ कॉल करतो आणि काकू रोज त्याला अर्धं कपाळ आणि पंखा दाखवतात. बाकी दिवसभर बोलायला वरची अस्मिताच. "आमची वरची मुलगी मनाची डॉक्टर होणार आहे," असं काकू गल्लीभर सांगतात. त्यामुळे गल्लीतली माणसं अस्मिताला गाठून झोपेच्या गोळीचं नाव विचारतात, आणि आपला विषय समाज-मानसशास्त्र आहे, त्यात गोळ्या नसतात, हे सांगून सांगून ती थकली आहे.

त्यात काय असतं, ते तिनं काकूंना कधी नीट सांगितलं नव्हतं. त्याला कारण होतं.

अस्मिताचं पूर्ण नाव अस्मिता अंकुश रामटेके. गाव उमरेड. आजोबा धोंडबा छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन घरी परतले आणि आल्याबरोबर देव्हारा रिकामा केला. वडील अंकुश कोळशाच्या खाणीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. या मुलखात 'रामटेके' म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण पुढचं सगळं ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. अस्मिताला ते नागपुरात खोली शोधताना कळलं. "खोली आहे का?" म्हटलं की असायची. नाव सांगितलं की कुणाचा भाचा येणार असायचा, कुणाला रंगकाम काढायचं असायचं. पाय भरून आले होते, सीताबर्डीपासून चालत ती या गल्लीत पोचली होती. काकूंनी फाटकात विचारलं, "नाव काय गं?" तिनं "अस्मिता अंकुश" एवढं म्हटलं आणि श्वास घ्यायला थांबली. "अंकुश का? बरं, ये आत. ते कागदबिगद नको मला, मी माणूस बघते," काकू म्हणाल्या. अस्मिता खोटं बोलली नाही. फक्त जिथं थांबली, तिथून तीन वर्षं पुढं गेली नाही.

आणि पीएच.डी.ला विषय तरी काय घ्यावा बाईनं! खोली मागणाऱ्या मुलीचं आडनाव ऐकून घरमालकाच्या वागण्यात काय फरक पडतो, हा. तिच्या मनातली ठसठस तिनं सरळ विद्यापीठात नेऊन नोंदवली. काम असं, की 'खोली भाड्यानं देणे आहे' अशी पाटी दिसली की नंबर घ्यायचा. विभागातल्या दोन मुली, मेघा आणि मयुरा, तीन दिवसांच्या अंतरानं त्या नंबरावर फोन करणार. बोलणं शब्दशः सारखं, फक्त एकीनं जोशी म्हणून बोलायचं, दुसरीनं रामटेकेसारख्याच बोलक्या 'गजभिये' या आडनावानं. अशी माणसांची फसवणूक करायला विद्यापीठाच्या समितीनं एका अटीवर परवानगी दिली होती. काम संपल्यावर प्रत्येक घरमालकाकडं जायचं आणि तोंडावर खरं सांगायचं: तुम्हाला आलेले ते फोन आमचे होते, कशासाठी होते, आणि नको असेल तर तुमचं बोलणं आम्ही पुसून टाकू. याला विभागात 'खुलासा' म्हणत. मेघाला खुलाशाला जायची फार हौस. ती यायची आणि म्हणायची, "दीदी, आज एका आजोबानं मले दारातूनच पिटाळलं, अन् एकीनं चहा पाजून रडून घेतलं."

सोमवारी दुपारी विभागात बसून अस्मिता रेकॉर्डिंगं ऐकत होती. नंबरांना नावं नव्हती, नुसते सांकेतिक अक्षर-आकडे. तिचं काम बोलण्याच्या सुराला गुण द्यायचं: सौजन्य किती, उत्सुकता किती. रामदासपेठेच्या यादीतलं सातवं लावलं आणि कानात काकू बोलल्या.

"ये ना गं, खोली बघून जा. एकटीच राहणार? मग जेवणाचंही बघू आपण, एका पोटाचं काय असतं."

हा मेघाचा फोन होता, जोशी म्हणून केलेला. अस्मिता हसलीच आधी. खालची खोली मागल्या महिन्यात रिकामी झाली होती, तिथली नर्स लग्न होऊन गेली होती. त्या आठवड्यात अस्मिता उमरेडला होती, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. तेवढ्यात काकूंनी पाटी लावली असणार, मेघानं नंबर घेतला असणार, आणि ती परत येईतो पाटी निघालीही असणार. मग तिला दुसरा फोन आठवला आणि तिचं हसू मावळलं. तिनं तो लावला. मयुरा म्हणाली, मी गजभिये. जरा वेळ काहीच आलं नाही. मग काकूंचा तोच लोण्यासारखा आवाज.

"अगं, उशीर केलास बघ. वर आमची एक मुलगी राहते, पीएच.डी. करते, तिच्याच मैत्रिणीला शब्द देऊन बसले मी. तिचं मन कसं मोडू?"

अस्मितानं कुठल्याही मैत्रिणीसाठी शब्द टाकला नव्हता. नियमाप्रमाणे तिनं गुण दिले. सौजन्य, दोन्ही वेळा पाचपैकी पाच. मग हेडफोन काढून ती उभी राहिली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा खिडकीपाशी गेली.

"दीदी, तोंड काहून असं करून राहिली?" मेघानं विचारलं.

"हेडफोन चावतो," अस्मिता म्हणाली.

नाही म्हटलं, याचं तिला नवल नव्हतं. तसले नकार तिनं पेटीभर जमवले होते. पण या नकारात तिला वापरलं होतं. एका गजभियेला दारातून परत पाठवायला रामटेकेची मुलगी पुढं केली होती, आणि करणाऱ्या बाईला ते ठाऊकही नव्हतं. निदान त्या दुपारी अस्मिताला असंच वाटत होतं.

तिचे मार्गदर्शक मार्तंड सर भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ही नोंद बाद कर. तू त्या घरात राहतेस, तुझा संबंध आला. एक नोंद गेल्यानं निष्कर्ष तसूभर हलत नाही."

"आणि खुलासा?"

"मेघाला पाठव. तुझं नाव निघायचं कारण नाही. दोन महिन्यांत प्रबंध द्यायचा आहे, अस्मिता. आत्ता खोली गेली तर पुस्तकं डोक्यावर घेऊन कुठं हिंडशील?"

सर बोलले ते सगळं बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला त्यांचा राग आला. चूक बोलले असते तर भांडता आलं असतं. ती विभागातून निघाली ती घरी जाईना. कॅनॉल रोडनं चालत राहिली, पंचशील चौकात सिग्नल सुटला तरी उभी राहिली, मागून एका रिक्षावाल्यानं "ओ मॅडम, सो गए क्या?" असं विचारल्यावर हलली. मेघा गेली तर काकू मेघाला चहा देतील, हळहळतील, आणि संध्याकाळी वर येऊन आपल्यालाच सांगतील, बघ गं कशी फसवली मला. मग आपण काय म्हणायचं? अरेरे?

तेवढ्यात उमरेडहून फोन.

"काय करून राहिली वं?" बाबांचा आवाज नेहमी खाणीत बोलल्यासारखा, मोठा.

"काही नाही. चालून राहिली."

"ऐक. गुरुवारी डोळा दाखवायले येतो. अन् या खेपेले तुही खोली पाहूनच जाईन. ऑपरेशनले आलो तं तू मले तिकडूनच बस स्टँडवर नेलं. तुही माय रोज विचारते, कशी हाय खोली, कशी हाय खोली. म्या काय सांगू?"

दवाखाना खोलीपासून दोन गल्ल्यांवर होता. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बापाला अस्मितानं रिक्षात घालून थेट गणेशपेठच्या स्टँडवर नेलं होतं, उन्हात. 'खोलीत रंगकाम सुरू आहे' असं म्हणाली होती. ते वाक्य तिनं कुठं ऐकलं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"या बाबा," ती म्हणाली. बोलून गेली.

आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाबा फाटकात आले की कुणी ना कुणी नाव विचारणार, आणि बाबा सांगणार. त्यांच्या तोंडून काकूंना कळण्यापेक्षा आपण सांगावं. खोली गेली तर जाईल. खोली गेली तर प्रबंध लांबेल, प्रबंध लांबला तर फेलोशिप संपेल, आणि मग उमरेडला जाऊन आईच्या हातची भाकर खात बसायचं. हा हिशेब तिनं मंगळवारभर फेऱ्या मारत केला. बुधवारी दुपारी काकूंचा डोळा लागायच्या आत ती खाली गेली.

"बस ना. अशी उभी काय राहतेस पोस्टमनसारखी?"

अस्मिता उभीच राहिली. मेघाला पाठ करून दिलेला खुलासा तिनं तसाच्या तसा म्हटला. महिन्यापूर्वी तुम्हाला दोन फोन आले, ते आमच्या विभागातून होते, नावं बनावट होती, उद्देश असा असा, तुमची ओळख कुठंही येणार नाही. काकू आधी ऐकत होत्या, मग त्यांचे हात मांडीवर गोळा झाले.

"आणि काकू, उद्या माझे बाबा येणार आहेत. माझं आडनाव अंकुश नाही. ते बाबांचं नाव आहे. मी अस्मिता रामटेके."

काकूंनी पदरानं वरचा ओठ टिपला.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अगं, दरवर्षी दसऱ्याला पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीला जातेस, संध्याकाळी पाय सुजवून येतेस. मी काय आंधळी आहे? पहिल्याच वर्षी कळलं. पण तोवर तू आपली झाली होतीस. माझ्या तापात तू उशाशी बसलीस, अनिशला यायला सुट्टी नव्हती. तुला काय मी बाहेर काढणार होते?" काकूंचे डोळे भरले, आणि ते खोटं नव्हतं. "उलट सांभाळलं तुला. समोरच्या अनंतरावांनी विचारलं, तेव्हा सांगितलं, अंकुश म्हणजे उमरेडचे विणकर. कुणाची शंका येऊ दिली नाही."

अस्मिताचे कान गरम झाले. एवढे दिवस तिनं स्वतःला लपवलं, असं ती समजत होती. इथं दुसऱ्याच कुणीतरी तिला घडी घालून कपाटात ठेवलं होतं.

"मग त्या मुलीला नाही का म्हणालात? खोली रिकामी होती."

"एक असली की सांभाळता येते गं," काकू अगदी साधेपणानं म्हणाल्या. "दोन झाल्या की लोकांना दिसतं."

अस्मिताला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्या बाईचे हात धरावेसे वाटले. दोन्ही वाटतंय याचाच तिला जास्त संताप आला.

"ते माझं बोलणं पुसून टाक," काकू म्हणाल्या. "तसं म्हणालीस ना, नको असेल तर पुसता येतं?"

"हो. पुसते."

काकूंचा जीव भांड्यात पडला. लगेच त्या नेहमीच्या झाल्या. "आणि उद्या तुझे बाबा येणार म्हणालीस ना? आण की. जेवायलाच आण, मी पाटवडीचा रस्सा करते. फक्त एक ऐक. अनंतराव समोर ओट्यावर बसलेले असतात. नाव विचारलं तर बाबांनी नुसतं अंकुश म्हणावं. एवढं एक सांग त्यांना. मग तू राहा, हवं तितकी राहा. माझी काही ना नाही."

रामदासपेठेतलं सातवं रेकॉर्डिंग त्याच संध्याकाळी पुसलं गेलं. नियम तिच्याच प्रबंधाचा होता. रात्रभर छतावर पावलं वाजत राहिली आणि काकूंनी एकदाही हाक मारली नाही.

गुरुवारी बाबा एसटीतून उतरले ते काळा चष्मा लावून, इस्त्रीचा शर्ट घालून, आईनं बांधून दिलेल्या डब्याची पिशवी पोटाशी धरून. स्टँडवर सांगू, असं अस्मितानं ठरवलं होतं. स्टँडवर गर्दी होती. रिक्षात सांगू म्हटलं तर रिक्षावाला बाबांशी क्रिकेटवर वाद घालत बसला. दवाखान्यात बाकावर बाजूबाजूला बसले, तेव्हा निवांत वेळ होता. "बाबा," ती म्हणाली. "काय वं?" त्यांनी काळा चष्मा तिच्याकडं वळवला. "पाणी पाहिजे का?" तिनं विचारलं. एका बापाला, बाबा, घराबाहेर आपलं आडनाव सांगू नका, हे कोणत्या शब्दांत सांगतात?

डॉक्टरांनी डोळा छान असल्याचं सांगितलं. बाबा खूश होऊन पुढं पुढं चालत होते, जणू घर त्यांनाच माहीत होतं. अनंतराव ओट्यावर होतेच. काकूही व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या, नवं लुगडं नेसून. घरातून रस्स्याचा वास येत होता.

"कुठून येणं झालं?" अनंतरावांनी विचारलं.

अस्मितानं तोंड उघडलं. बाबांनी काळा चष्मा काढला, हात जोडले आणि खाणीतल्या आवाजात म्हणाले, "उमरेडहून. अंकुश रामटेके. या पोरीचा बाप."

अनंतरावांनी बाबांकडं पाहिलं, मग वळून काकूंकडं पाहिलं. काकूंनी बाबांना हात जोडले. जोडले खरे, पण नजर अनंतरावांवरून हटली नाही. "गॅसवर दूध आहे," असं काहीसं म्हणून त्या आत गेल्या.

वर खोलीत बाबांनी सगळं हात लावून पाहिलं. पुस्तकं, टेबल, खिडकीतला कूलर. "कूलर मस्त हाय," ते म्हणाले. मग खाटेवर टेकले. खाली ताटं मांडल्याचा आवाज आला. नंतर तीच ताटं उचलल्याचा आवाज आला. हाक आली नाही. बराच वेळ गेल्यावर अस्मितानं आईचा डबा उघडला. बाबांनी घास घेतला नाही.

"एवढी चांगली खोली हाय, मंग मले काहून नाही आणलं वं आतापर्यंत?"

मग तिनं सांगितलं. फाटकात थांबलेलं नाव, दसऱ्याची साडी, ते दोन फोन, काल काकूंनी घातलेली अट, सगळं. फेऱ्या मारतच सांगत होती. बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण ते त्या डोळ्यातून तसंही वाहायचं.

"माह्याच नावाखाली रामटेके झाकलं तू," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"अन् आज म्या बी तेच म्हणावं, असं बाईनं तुले सांगतलं होतं?"

"हो."

"मंग सांगायचं ना वं! रस्त्यानं एवढा टाइम होता." बाबा कळवळून बोलत होते, रागानं नव्हे. "मले विचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं. आजही, अन् तीन सालापयले बी. तुही खोली राहायले पाहिजे, तुहं शिक्षण व्हायले पाहिजे. नुसतं अंकुश म्हणायले माह्यं काय जात होतं?"

"म्हणूनच नाही विचारलं, बाबा," अस्मिता म्हणाली.